सभेत किती वेळा बोलावे?

आपल्या वस्त्यांतून बैठका काही कमी होत नाहीत. १४ एप्रिलच्या जयंतीची बैठक, बुद्ध पौर्णिमेची बैठक, वर्षावासातील ग्रंथवाचनाचे नियोजन, विहाराच्या पत्र्यांचा खर्च, चाळीतील नळाचे पाणी, महिला मंडळाची भिशी. भिवंडीसारख्या कष्टकऱ्यांच्या शहरात या बैठका दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात उरकाव्या लागतात. कोणी यंत्रमागावरची दिवसपाळी संपवून कानात अजून मागाचा खडखडाट घेऊन येतो. कोणी मानकोली-राहनाळच्या गोदामात दिवसभर माल चढवून-उतरवून येतो. कोणी माउली चुलीवरचे भांडे उतरवून, लेकरू कडेवर घेऊन शेवटच्या रांगेत बसते. प्रत्येकाजवळ वेळ थोडा आणि सांगण्यासारखे मात्र पुष्कळ असते.

अशा बैठकीत दर वेळी एक गोष्ट घडते. चार-पाच मंडळी बोलतात. त्यांच्यातील एकजण बोलला की दुसरा उठून उत्तर देतो. पहिला पुन्हा उठतो. मग तिसरा म्हणतो, "मला यावर फक्त एकच सांगायचे आहे," आणि ते एक सांगणे सहा वेळा होते. घड्याळात दहा वाजतात. अध्यक्ष म्हणतात, "आणखी कोणाला काही बोलायचे आहे का?" तोवर निम्मी माणसे उठलेली असतात. बैठक संपते आणि वहीत लिहिले जाते : सर्वानुमते मंजूर.

वाचक बंधू-भगिनींनो, हे सर्वानुमत खरे आहे का?

हिशेब करून पाहा

बैठकीला पंचवीस माणसे आहेत व वेळ दीड तास आहे असे धरू. म्हणजे नव्वद मिनिटे. सारखी वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ येतो. आता पाच माणसे प्रत्येकी सहा वेळा उठली आणि दर वेळी फक्त दोनच मिनिटे बोलली, तर साठ मिनिटे गेली. उरलेल्या वीस जणांसाठी तीस मिनिटे राहिली. म्हणजे माणशी दीड मिनिट. दोन मिनिटे बोलणाऱ्याला वाटते, मी कुठे जास्त बोललो? परंतु ती दोन मिनिटे सहा वेळा मोजली पाहिजेत, आणि ती कोणाच्या वाट्यातून गेली हेही पाहिले पाहिजे.

कारखान्यात आपण दुसऱ्याच्या पाळीचा माग धरून बसत नाही. पाळी बदलली की जागा सोडतो. सभेतही पाळी असते. दुसऱ्याची बोलण्याची पाळी खाणे आणि दुसऱ्याची रोजी खाणे यांत फार अंतर नाही.

गप्प कोण बसते?

सभेत गप्प बसणाऱ्यांकडे एकदा नीट पाहा. त्यात बायका असतात. नुकती दहावी झालेली मुले-मुली असतात. सहा महिन्यांपूर्वी मराठवाड्यातून किंवा विदर्भातून पोट भरायला आलेला भाडेकरू असतो. ज्याला लिहिता-वाचता येत नाही असा वृद्ध असतो. त्यांना बोलायचे नसते असे नाही. नळावर रांगेत उभे राहणारी बाई पाण्याविषयी जेवढे जाणते तेवढे कार्यकारिणीतले कोणी जाणत नाही. पण ती हात वर करायचा की नाही या विचारात असते, तोवर दुसऱ्याचे चौथे उत्तर सुरू झालेले असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पहिले पाक्षिक सुरू केले त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. ज्यांना बोलू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी ते पत्र होते. गावात, देवळासमोर, पाणवठ्यावर आपल्या पूर्वजांनी तोंड उघडले की मार बसे. बोलण्याचा अधिकार आपल्याला फुकट मिळालेला नाही. तो मिळाल्यावर आपल्याच सभेत आपल्याच मायबहिणींना मूक ठेवणे शोभते काय?

संघात काय चालत असे?

काहीजण म्हणतील, सभेचे नियम ही इंग्रजांची देणगी. आपल्या साध्या माणसांना ते कशाला? याला बाबासाहेबांनीच उत्तर दिले आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले की, भारताला संसदीय कामकाज ठाऊक नव्हते असे नाही. बौद्ध भिक्खुसंघात आसनांची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, निषेधाचा ठराव हे सारे होते. तथागतांनी ते आपल्या काळच्या राजकीय सभांवरून घेतले असावे, असेही त्यांनी म्हटले.

विनयपिटकात ही पद्धत सविस्तर आली आहे. महत्त्वाचा प्रस्ताव असेल तर आधी ज्ञप्ती, म्हणजे सूचना, द्यावयाची. नंतर तोच प्रस्ताव तीन वेळा संघापुढे ठेवावयाचा. ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, असे स्पष्ट विचारावयाचे. तीनदा विचारूनही कोणी बोलले नाही तरच ते मौन म्हणजे संमती. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मते मोजावयाची.

येथे थोडे थांबून विचार करा. संघात मौनाला संमती मानीत, कारण तेथे तीनदा विचारलेले असे. आपण एकदाही नीट विचारीत नाही आणि तरी मौनाला संमती समजतो! तीन वेळा प्रश्न विचारण्याची परंपरा सोडून आपण सहा वेळा उत्तर देण्याची परंपरा धरली.

उत्तराला प्रत्युत्तर किती महागात पडते याची कथाही त्याच साहित्यात आहे. कोसंबीच्या विहारात एका भिक्खूने शौचाच्या भांड्यात पाणी तसेच ठेवले. दुसऱ्याने तो दोष आहे असे सांगितले. पहिल्याने ऐकून घेतले. गोष्ट तेथेच संपावयाची, पण दुसऱ्याने ती शिष्यांना सांगितली. त्या शिष्यांनी पहिल्याच्या शिष्यांना सांगितली. त्यांनी उलट उत्तर दिले. त्याला पुन्हा उत्तर आले. संघात दोन तट पडले. तथागतांनी वारंवार समजावूनही कोणी ऐकेना, तेव्हा ते एकटेच पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले. शेवटी कोसंबीच्या गृहस्थ उपासकांनी त्या भिक्खूंना दान देणे बंद केले, तेव्हा कुठे मंडळी शुद्धीवर आली आणि श्रावस्तीला जाऊन त्यांनी समेट केला. भांडण एका भांड्यातील पाण्याचे होते. ते वाढले उत्तरांनी. आणि मिटवले ते तुमच्या-आमच्यासारख्या घरसंसारी माणसांनी.

बाबासाहेब उत्तर कसे देत?

संविधानाच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवण्यात आल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हे आकडे बाबासाहेबांनीच आपल्या शेवटच्या भाषणात दिले. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून या दुरुस्त्यांना उत्तर देण्याचा मुख्य भार त्यांच्यावर होता. प्रत्येक सदस्य बोलला की लगेच उठून त्याला उत्तर द्यायचे, असे त्यांनी केले असते तर काम कधी संपले असते? त्यांची रीत अशी की, साधारणपणे आधी सर्वांचे ऐकून घ्यायचे आणि चर्चेच्या शेवटी एकदम उत्तर द्यायचे. कधी सविस्तर, कधी एका वाक्यात.

लागोपाठच्या दोन दिवसांची नोंद पाहा. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम चर्चेला आले. मसुद्यात ते ११ वे होते, आज ते १७ वे आहे. व्ही. आय. मुनिस्वामी पिल्ले, डॉ. मनमोहन दास, दाक्षायणी वेलायुधन हे सदस्य त्यावर बोलले. प्रा. के. टी. शहा यांनी अस्पृश्यतेची व्याख्या नाही याकडे लक्ष वेधले. ज्या प्रश्नासाठी सारे आयुष्य झिजवले तो प्रश्न समोर! कोणालाही वाटेल की बाबासाहेब आता तासभर बोलतील. परंतु नझीरुद्दीन अहमद यांची दुरुस्ती मला मान्य नाही, एवढेच त्यांनी सांगितले. शहांच्या सूचनेला उत्तर द्यायचे आहे का, असे विचारल्यावर त्यांनी 'नाही' म्हटले. कलम मंजूर झाले. जे सांगायचे ते कलमातच आले होते, आणि बाकीचे इतरांनी सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, सरकारी नोकऱ्यांतील समान संधीचे कलम आले. 'मागासलेला' या शब्दाचा अर्थ काय, असे अनेक सदस्यांनी विचारले होते. येथे शंका खरी होती. तेव्हा बाबासाहेबांनी सर्वांची भाषणे झाल्यावर उठून सविस्तर उत्तर दिले. सभागृहात तीन वेगवेगळी मते आहेत, ती कोणती आणि या कलमात त्यांचा मेळ कसा घातला आहे, हे त्यांनी क्रमाने उलगडून सांगितले. दहा जणांना दहा उत्तरे न देता दहा जणांना मिळून एक उत्तर, पण पुरते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २५ नोव्हेंबरच्या त्याच भाषणात त्यांनी आपल्या विरोधात बोलणाऱ्यांचे आभार मानले. कामथ, डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, प्रा. सक्सेना, पंडित ठाकूरदास भार्गव, प्रा. शहा, पंडित कुंझरू यांची नावे त्यांनी घेतली. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नसल्या तरी त्यांचे मोल कमी होत नाही, असे त्यांनी सांगितले. ज्याला उत्तर द्यायचे त्याला शत्रू समजू नये, हा धडा त्यांनी घालून दिला आहे.

आजही लोकसभेच्या कामकाज नियमांत हेच तत्त्व आहे. एका प्रस्तावावर एका सदस्याने एकदाच बोलावे. पुन्हा बोलायचे तर अध्यक्षांची परवानगी हवी. ज्याने प्रस्ताव मांडला त्याला मात्र शेवटी उत्तर देण्याचा अधिकार आहे आणि त्याच्या उत्तराने चर्चा संपते. हा नियम आपल्या चाळीच्या सभेलाही लागू करता येतो. त्याला पैसा लागत नाही.

भिवंडीचा अनुभव

ही झाली दिल्लीची गोष्ट. ऐकून घेण्याचे मोल आपल्या भिवंडीने स्वतः अनुभवले आहे. १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली येथे भीषण दंगली झाल्या, माणसे मेली, घरे जळाली. त्यानंतर, १९८८ च्या सुमारास येथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान अशा दोन्हींकडची साधी माणसे त्यात होती. एकाच वस्तीतली माणसे समोरासमोर बसू लागली, तक्रार तोंडावर सांगू लागली आणि समोरच्याची ऐकू लागली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. रस्त्यावर उत्तराला उत्तर देत बसण्यापेक्षा बैठकीत पाळीपाळीने ऐकणे किती मोठे काम करते, हे सांगायला याहून जवळचा दाखला कोणता हवा?

बोलणाऱ्याने काय पाळावे?

१) बैठकीला येताना खिशात कागद-पेन्सिल ठेवावी. दुसरा बोलत असताना जे मुद्दे खटकतील ते लिहून घ्यावेत. ज्याला लिहिता येत नसेल त्याने बोटांवर मोजून ठेवावेत. मुद्दा निसटेल या भीतीनेच माणूस मध्ये उठतो. तो लिहिला की घाई राहत नाही.

२) चार जणांना उत्तर द्यायचे असेल तर चारदा उठू नये. एकदाच उठून, "ताईंनी वर्गणीबद्दल विचारले, त्याचे असे आहे, काकांनी मंडपाबद्दल म्हटले, ते मला मान्य आहे," असे क्रमाने सांगावे. ज्याचे त्याला उत्तर मिळते आणि वेळही वाचतो.

३) जे मान्य आहे ते आधी सांगावे. मग मतभेद सांगावा.

४) तोच मुद्दा दुसऱ्यांदा मोठ्या आवाजात सांगितल्याने तो जास्त खरा होत नाही. नवीन माहिती नसेल तर पुन्हा उठू नये.

५) दुसऱ्या वेळी बोलण्याची गरज पडलीच तर म्हणावे, "मी एकदा बोललो आहे. नवीन कोणाला बोलायचे असेल तर आधी त्यांना द्या."

मग दुसऱ्यांदा बोलूच नये काय? तसे नाही. कोणी तुम्हाला नाव घेऊन सरळ प्रश्न विचारला, आकडा किंवा तारीख चुकीची सांगितली गेली, तुमच्या बोलण्याचा उलटा अर्थ लावला गेला, किंवा तुमच्यावर पैशाचा आरोप झाला, तर अवश्य उठावे. अशा वेळी गप्प राहणे हा गुण नव्हे. फक्त तेवढेच सांगून बसावे. आणि कोणी शिवी दिली तर? अक्कोसक भारद्वाज नावाचा ब्राह्मण तथागतांना शिव्या देऊ लागला, तेव्हा त्यांनी त्याला विचारले की, पाहुण्यांनी वाढलेले अन्न घेतले नाही तर ते कोणाकडे राहते? तो म्हणाला, माझ्याकडेच. तशाच या शिव्याही तुझ्याकडेच राहिल्या, असे तथागतांनी सांगितले. एवढ्या एका उत्तरावर काम झाले.

सम्यक वाचेत खोटे बोलणे, चहाडी आणि कठोर बोलणे यांच्या जोडीला चौथी गोष्टही वर्ज्य सांगितली आहे : व्यर्थ बडबड. आपण पहिल्या तिन्हींची चर्चा करतो आणि चौथीकडे डोळेझाक करतो.

अध्यक्षाने काय पाळावे?

सभेला शिस्त लागते ती अध्यक्षामुळे. सुरुवातीलाच बोलणाऱ्यांची नावे लिहून घ्यावीत. जो एकदाही बोलला नाही त्याला आधी, जो दोनदा बोलला त्याला शेवटी, हा क्रम ठेवावा. मागच्या रांगेतील बायकांना नाव घेऊन, "मावशी, तुम्हाला काय वाटते?" असे विचारावे. त्या पहिल्यांदा "काही नाही" म्हणतील. पुन्हा विचारावे. तीनदा विचारण्याची आपली परंपराच आहे. ठराव वाचून दाखवल्यावरही विरोध आहे का असे तीनदा विचारावे आणि मगच वहीत लिहावे. अध्यक्षाने स्वतः प्रत्येक भाषणावर शेरा मारू नये. जुन्या कार्यकर्त्यांचा मान ठेवावा, त्यांच्या त्यागाची आठवण ठेवावी. पण मान ठेवणे म्हणजे सारी सभा त्यांच्या हवाली करणे नव्हे. जुन्या कार्यकर्त्यांनीही तरुणांना आधी बोलू देऊन शेवटी मार्गदर्शन केले तर त्यांचाच मान वाढेल.

मोबाईलवरची सभा

आता सभा खिशातही आली आहे. मंडळाचा, चाळीचा, भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप घरोघरी आहे. रातपाळी करून सकाळी झोपलेला माणूस दुपारी उठून पाहतो तो ऐंशी संदेश येऊन पडलेले. त्यात दोघांची जुंपलेली, प्रत्येक ओळीला उत्तर, उत्तराला अंगठा, अंगठ्याला पुन्हा उत्तर. आणि त्याच ढिगाऱ्यात कुठेतरी कोणाला तरी रक्ताची गरज असल्याची किंवा शेजारच्या आजोबांच्या अंत्ययात्रेची वेळ दडलेली असते. ती त्याला दिसत नाही. मग समाजात बोल लागतो की, हा आला नाही.

येथेही तोच नियम. सर्व संदेश आधी वाचावेत. पाच उत्तरांऐवजी एक लिहावे आणि ते कोणाला आहे हे नाव घालून स्पष्ट करावे. दोघांतील बोलणे दोघांतच करावे. तोच मजकूर पुन्हा पुन्हा टाकू नये. रागात लिहिलेले उत्तर जेवण होईपर्यंत पाठवू नये. जेवल्यावर बहुधा ते पाठवावेसे वाटत नाही.

सुरुवात घरातून

ही सवय सभेत येण्यापूर्वी घरात लागली पाहिजे. मुलीच्या लग्नाची बोलणी असतात. वडील बोलतात, काका बोलतात, मामा बोलतात, वडील पुन्हा बोलतात. जिचे लग्न आहे ती आणि तिची आई आतल्या खोलीत असतात. मुलाला पुढे शिकवायचे की गोदामात कामाला लावायचे, यावर घरात तास तास वाद होतो. मुलाला कोणी विचारीत नाही. रात्री जेवताना एवढे तरी ठरवा की, प्रत्येकजण एकदा बोलेल आणि सर्वांत लहान आधी बोलेल. जे लेकरू घरात निर्भयपणे बोलायला आणि शांतपणे ऐकायला शिकेल, तेच उद्या वॉर्डाच्या सभेत, युनियनमध्ये, महापालिकेत उभे राहून आपली बाजू मांडील.

यंदा जयंतीच्या बैठकीत एक प्रयोग करून पाहा. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकाचे नाव लिहा आणि जो बोलेल त्याच्या नावापुढे एक रेघ ओढा. बैठक संपली की ते पान सर्वांना वाचून दाखवा. ज्यांच्या नावापुढे पाच-सहा रेघा आहेत त्यांना काही सांगावे लागणार नाही. आणि ज्यांच्या नावापुढे एकही रेघ नाही, त्यांच्यापासून पुढची बैठक सुरू करा.